लघुग्रह आणि लोणचं

दुपारी टीव्हीवर पृथ्वीवर लघुग्रह आदळण्याचा सिनेमा लागला होता. बायको खाली बसून कैरीच्या फोडींना मसाला लावत होती. पडद्यावर माणसं भर रस्त्यात थांबून आभाळाकडे बघत होती, अनोळखी लोक एकमेकांना बिलगत होते. खरं सांगतो, मला त्यांचा हेवा वाटला. गेलेच तर सगळे एकदम जाणार. मागे कुणालाच राहायचं नव्हतं. हिचा रिपोर्ट आला त्या दिवशी कुणी मानसुद्धा वर केली नाही. खालचा इस्त्रीवाला म्हणाला, "काका, कपडे तयार आहेत." सिनेमात बॉम्ब घेऊन वर जाणारं कुणीतरी असतंच. आमच्या डॉक्टरांनी नुसता चष्मा काढला आणि म्हणाले, "आता त्यांना आवडेल ते खाऊ द्या."

शेवटी तो दगड फुटला. "वाचले बाई एकदाचे," म्हणत हिने बरणीच्या तोंडाला फडकं बांधलं. दरवर्षी ती दोन बरण्या भरते, तिची गुळाची आणि माझी तिखटाची. मी दुसरी बरणी काढायला उठलो.

"राहू द्या," ती म्हणाली. "एक पुरे."

बांधलेली बरणी तिखटाची होती.