बाकावर बसलेला परदेशी

सकाळची मॅच असली की मला झोप नसते. अमेरिकेत संध्याकाळ, इथे काळाचौकीत पाणी यायची वेळ. मी पाणी भरते, टीव्ही लावते, नातीला उठवते. ती शाळेत बास्केटबॉल शिकली तेव्हा तिला न्यायला-आणायला मीच होते. मैदानाच्या कडेला बसून बसून खेळ कळायला लागला. शाळा चौथीपर्यंत, पण फाऊल कुणाचा ते सांगते.

मला त्या अमेरिकेतल्या टीमांमधले बाहेरचे प्लेअर आवडतात. कोण आफ्रिकेतला, कोण कुठल्या थंडीच्या देशातला. त्यांना बघून खानावळीतली माणसं आठवतात. माझी सासू गिरणीतल्या माणसांची खानावळ चालवायची, भाकऱ्या मी थापायचे. कोकणातून एकटी आलेली माणसं, बायकापोरं तिकडेच. नवा माणूस जेवताना मान वर करायचा नाही. मग एक दिवस "वैनी, आज कालवण पातळ झालाय" बोलला की समजायचं, रुळला. टीव्हीवर पण मी तेच बघते. नवा परदेशी पहिल्यांदा रेफ्रीशी वाद घालतो ना, तेव्हा मला बरं वाटतं.

यंदा नातीलाच बाहेरून बोलावणं आलं. युरोपातला लहानसा क्लब, एका सीझनसाठी. पगार देणार, राहायला जागा देणार. सून म्हणाली, "आई, तुम्ही हो म्हणा, मग मी म्हणते." म्हणजे सगळं माझ्या गळ्यात. शुक्रवारी कळवायचं होतं. तो आठवडा माझं मन थाऱ्यावर नव्हतं. घासलेली भांडी परत घासली. गॅलरीत जायचे, कशाला आले ते आठवायचं नाही, परत आत.

गुरुवारच्या मॅचमध्ये माझा आवडता, तो दाढीवाला परदेशी, कुणाच्या तरी पायावर उतरला आणि आडवा झाला. गुडघा धरून काहीतरी ओरडला.

"काय बोलला गो?"

"काय माहीत. इंग्लिश नाहीय ते."

खानावळीत एका पोराला ताप चढलेला, तो पण असाच न कळणारं बडबडायचा, समोर आई असल्यासारखा. मी पेज भरवली. पण मी काय त्याची आई नव्हते. बरा झाला, गावी गेला, तो परत आलाच नाही.

"तू पडलीस तर तिथे कोण गो तुझं?"

"क्लबचा डॉक्टर असतो, आजी."

"डॉक्टर नाय विचारला मी."

"इथे पडायचे तेव्हा तरी तू काय करायचीस? चणे खात बसायचीस."

"मग? उठायचीस की तू."

तेवढ्यात त्या दाढीवाल्याला धरून नेलं, बाकावर बसवलं, गुडघ्यावर बर्फ बांधला. पण त्याचा दुसरा पाय थांबत नव्हता. सारखा हलत होता. मध्येच उठला, कोचने हातानेच बस म्हणून सांगितलं. बसला.

मला माझा माणूस दिसला. संपानंतर त्याची गिरणी काय परत उघडली नाही. शेजारच्या एका गिरणीचा भोंगा काही दिवस वाजायचा. भोंगा झाला की हा उठून उभा राहायचा, आणि मग परत चाळीच्या पायरीवर बसायचा. आजार काय नव्हता त्याला. बसून बसून गेला.

आणि ही पोर? इथे बायकांना पगार देऊन खेळवणारं कोण आहे? सोसायटीतल्या मुलांना रविवारी शिकवते, बाकीचे दिवस बॉल मांडीवर घेऊन बसते.

मी सुनेला हाक मारली. "हो म्हणून कळव."

"नक्की ना आई?"

"नक्की मला पण काय माहीत नाही. पण तिला बसवून ठेवू नका."

नातीने रिमोट उचलला. टीव्हीचा आवाज वाढवला तिने.

आता ती तिथे आहे. फोन आला की मी उभ्यानेच घेते. जेवलीस काय विचारलं की सूप प्यायले म्हणते, आवाज बारीक. बाकी सगळ्याला हो हो. परवा मात्र तावातावाने बोलत होती. रेफ्रीने खोटा फाऊल दिला म्हणे, ही त्याच्याशी भांडली.

"मग तो काय बोलला?" मी विचारलं, आणि खुर्ची ओढून बसले.