डिकीतली घरघर

गल्लीत आमच्या ह्यांना सगळे कानवाला म्हणतात. गाडीत गाणं लावायचं, डोळे मिटायचे आणि कुठला स्पीकर आजारी आहे ते अचूक सांगायचं, ही ह्यांची ख्याती. दुकान चालतं ते त्या कानांवर. मी सीटखालून वायरी ओढते, स्पीकरच्या खोक्यांना कापड चढवते आणि गिऱ्हाइकांशी बोलते, कारण ह्यांना बोलायचा कंटाळा. निदान मी तरी तसंच समजत होते.

परवा दातांचे डॉक्टर त्यांची पांढरी गाडी परत घेऊन आले. तिच्या डिकीत सबवूफर, म्हणजे धमधम वाजणारा मोठा स्पीकर, आम्हीच बसवला होता. गाणं बंद केलं तरी डिकीतून घरघर येते आणि गाडीला रेस दिली की वाढते, अशी तक्रार. दिवसभर दवाखान्यात यंत्राची किरकिर ऐकतो, गाडीत तरी सुख द्या, म्हणाले. हे पुढे बसले, इंजिन चालू केलं, डोळे न मिटता डॉक्टरांकडे बघत राहिले आणि मग माझ्यावरच डाफरले, की तू गाण्याची वायर बॅटरीच्या वायरीला चिकटवून आणलीस. मी चिकटवली नव्हती. एवढी वर्षं काय झोपेत काम करतेय? पण गिऱ्हाइकासमोर नवऱ्याशी कुठे भांडायचं, म्हणून दातओठ खात सगळी वायर उपसली आणि दुसऱ्या बाजूने नेली. घरघर होती तशीच.

मग मी डिकीत शिरले. एकेक वायर काढायची आणि ह्यांना विचारायचं, आता? हे म्हणायचे, आहे. डॉक्टर बाजूला कपाळाला आठ्या घालून उभे. शेवटी मी सबवूफरला जोर देणाऱ्या ॲम्पची वीजच तोडली. सबवूफर एकदम गप्प. तेवढ्यात डॉक्टरांचा फोन वाजला आणि ते पाठ फिरवून बोलायला लागले.

"आता?" मी ओरडून विचारलं.

ह्यांनी आधी डॉक्टरांच्या पाठीकडे पाहिलं, मग आरशातून माझ्याकडे. "आहे अजून," म्हणाले.

हा माणूस इतका वेळ घरघर ऐकतच नव्हता, डॉक्टरांच्या कपाळावरच्या आठ्या वाचत होता. घरी जेवताना मी काही सांगावं आणि ह्यांनी नुसती हसून मान डोलवावी, त्यावरून मी किती तोंडसुख घेतलंय ते आठवलं आणि लाज वाटली.

दोष सापडला तो ॲम्पच्या अर्थ वायरीत. ती पत्र्याला कसायच्या आधी तिथला रंग खरवडून पत्रा चकचकीत करावा लागतो, नाहीतर घरघर येते. तो रंग तसाच राहिला होता. अर्थ लावायचं काम नेहमी ह्यांचं, मला हातसुद्धा लावू देत नाहीत, आणि शेवटी ऐकून तपासायचं कामही ह्यांचंच. मी पॉलिश पेपरने रंग घासला, वायर कसली, सगळं परत जोडलं. घरघर बंद. डॉक्टर खूश झाले, पण चूक कोणाची होती ते त्यांनी विचारलंच.

"माझी," मी म्हटलं. "रंग घासायचा राहिला." कानवाल्याचे कान गेले हे गल्लीत पसरलं असतं, तर उद्या आमच्या दुकानाची पायरी कोण चढलं असतं?

डॉक्टर ह्यांच्याकडे वळले आणि हसत म्हणाले, "बायकोच्या हातात वायरी दिल्या की असंच होणार. हिला घरी स्वयंपाकालाच ठेवा."

आणि हे हसले. मान डोलवली, वर डॉक्टरांच्या पाठीवर थापही मारली. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

डॉक्टर गाडीत बसून ती वळवायला लागले, तेव्हा ह्यांनी हळूच विचारलं, काय म्हणत होते? मी सांगणार नव्हते. पण मग राहवलं नाही. ह्यांच्या कानाशी तोंड नेऊन शब्दन् शब्द सांगितला, आणि त्यावर तुम्ही हसलात, तेही.

ह्यांचा चेहरा उतरला. मग हातातल्या पान्यासकट जाऊन गाडीसमोर उभे राहिले. डॉक्टरांनी काच खाली केली.

"अर्थ मी लावली होती. हिने नाही. मला ऐकू येत नाही."

आपण किती मोठ्याने बोललो ते ह्यांना कळलंच नाही. समोरच्या टायरवाल्याने मान वर केली, पलीकडचा सीटकव्हरवाला दारात आला. डॉक्टर काहीतरी पुटपुटले. ह्यांनी या वेळी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही. सगळ्यांदेखत माझ्याकडे वळले आणि मी सांगायची वाट बघत उभे राहिले.

माझी मान काही वर होईना. पण ओरडून सांगितलं, "माफ करा म्हणतायत."