एकशेपाच अंशांचे लाडू

घन, द्रव आणि वायू या तिन्ही अवस्थांतून रव्याचे लाडू एकाच सकाळी जाऊ शकतात, हे मी बेंगळूरला इंदिरानगरच्या आमच्या स्वयंपाकघरात सिद्ध केलेलं आहे.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. लग्नानंतरची आमची दुसरी दिवाळी. माझे सासरे, म्हणजे अण्णा, राजाजीनगरहून पहिल्यांदाच आमच्याकडे फराळाला येणार होते. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या बेंगळूरचं. मुंबईहून कॉम्प्युटर कंपन्यांत येणाऱ्या पोरांना बटणं दाबण्यापलीकडे हाताने काही येत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं आणि ते मला फार लागलं होतं. म्हणून मी फोनवर जाहीर करून टाकलं, "अण्णा, यंदा लाडू माझ्या हातचे!"

"सरी, बरं, बघू," अण्णा म्हणाले. तो 'बघू' मला आठवडाभर टोचत होता.

पण माझी तयारी शास्त्रशुद्ध होती! गणपतीत डोंबिवलीला गेलो तेव्हा आईच्या पाकात मी प्रयोगशाळेतला थर्मामीटर बुडवून पाहिला होता. ("मेल्या, पाकाला ताप आलाय का?" इति आई.) एकतारी पाक, एकशेपाच अंश! बोटांत पाक धरून तार बघायचे दिवस संपले, असं मी तिला तिथेच सुनावलं.

दिवाळीच्या सकाळी मी बायकोला, वसुधाला, स्वयंपाकघराबाहेर काढलं. ती दारातून बघत राहिली.

"अहो, साकु, साकु! बास झालं, उतरवा आता!"

"एकशेतीनच झालेत."

"बुडबुडे बघा की हो!"

"मी बुडबुडे बघत नाही. मी आकडा बघतो."

आकडा आला. रवा घातला, हात भाजून घेत लाडू वळले. दहा मिनिटांनी त्यातला एक खाली पडला. लाडवाला काही झालं नाही, फरशीचा टवका उडाला!

"बेंगळूर समुद्रसपाटीपासून किती उंचावर आहे?" वसुधाने शांतपणे विचारलं. "इथे पाणी शंभराच्या आधीच उकळतं. मग पाकाला डोंबिवलीचा आकडा कसा चालेल?"

(माझी बायको शाळेत विज्ञान शिकवते, हे सांगायला मी विसरलो. त्या सकाळी ते मी साफच विसरलो होतो.)

अण्णा यायला तासभर होता. मला अक्षरशः रडू येत होतं. मी बत्ता घेतला आणि एकेक लाडू फोडायला बसलो.

"आता स्वल्प दूध शिंपडा," वसुधा म्हणाली.

माझ्यासारखा हबकलेला माणूस स्वल्प काही करत नाही. मी अख्खी पिशवी ओतली. पातेल्यात लाडू हेलकावे खाऊ लागले! आटेल म्हणून गॅस मोठा केला आणि झब्बा घालायला आत गेलो. एका बाहीत हात घातला असेल-नसेल, तोच घरभर धूर! शेजारचे गृहस्थ "बेंकी! बेंकी!" (आग! आग!) असं ओरडत बादली घेऊन धावत आले. वसुधाने ती बादली वेळेवर धरली, नाहीतर लाडू पुन्हा द्रव झाले असते.

तेवढ्यात बेल वाजली. दारात अण्णा!

वसुधाने बुडाशी करपलेलं तसंच ठेवून वरचं तांबूस ढेकूळ वाट्यांत काढलं, वर तूप सोडलं, काजू पेरले. अण्णांनी वाटी बघितली. मी जमिनीकडे बघत होतो.

"अय्यो, केसरीबात! लाडू म्हणालात की हो?" (केसरीबात म्हणजे बेंगळूरकडचा शिरा.)

"तुम्हाला... चकित करायचं होतं," मी म्हणालो. वसुधाला एकाएकी खोकल्याची उबळ आली.

अण्णांनी तीन वाट्या खाल्ल्या! "स्वल्प धुराचा वास आहे, पण तीच मजा. जावईबापू, हाताला चव आहे हो तुमच्या!"

तेव्हापासून सासरच्या प्रत्येक बारशाला आणि मुंजीला केसरीबात माझ्याकडेच असतो. मला दुसरी कृती येत नाही. त्यामुळे मी अजूनही आधी लाडू बिघडवतो, मग ते बत्त्याने फोडतो, दूध ओततो आणि गॅस मोठा ठेवून कपडे बदलायला जातो.