सही गेली नदीला

चहा आधी संपवा. ही गोष्ट मी माझ्या मेव्हण्याला सांगितली तेव्हा चहा त्याच्या नाकातून आला होता, आणि त्याचं खापरही माझ्यावरच फुटलं.

मी तहसील कार्यालयात अव्वल कारकून. कोणत्या तहसीलचा ते विचारू नका, वर्धा जिल्ह्यातलीच आहे, एवढं पुरे. राहतो बोरगाव मेघेला. आणि ऐका, मी ‘डिजिटल परिवर्तन दूत’ आहे! हो, मीच. ज्याच्या हाती घरी टीव्हीचा रिमोट देत नाहीत, तोच.

झालं असं, नव्या तहसीलदार मॅडम आल्या कोल्हापूरकडून. वयानं माझ्या पोरीएवढ्या. आल्या आल्या म्हणाल्या, “चौधरी बाबू, आता कागद बंद. सगळं कॉम्प्युटरवर. लोकांना हेलपाटे नकोत. आणि या बदलाचे दूत तुम्ही.”

मला छातीवर लावायला बिल्ला मिळाला. घरी गेलो तर बायको चष्मा लावून वाचते आणि विचारते, “दूत? कोनाचा, यमाचा?”

आता मी नव्या गोष्टींच्या विरोधात आहे असं समजू नका. उलट! ऑफिसातली सगळ्यात नवी गोष्ट मीच तर सांभाळत होतो. ती म्हणजे डोंगल. बोटाएवढी काडी असते हो. कॉम्प्युटरला लावली की साहेबाची सही आपोआप उमटते. जुने साहेब बदलून जाताना ती माझ्या हातात ठेवून म्हणाले होते, “चौधरी, जपा. ह्यात सही आहे.”

मग काय! गोल शिक्का कसा खुर्चीचा असतो? साहेब बदलतात, शिक्का राहतो. मी म्हटलं, सहीचंही तसंच. नव्या मॅडम आल्या त्या दिवशी मी डोंगल लाल कापडावर ठेवून दोन्ही हातांनी त्यांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी एकदा डोंगलकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “बरं. असू द्या.” तेव्हापासून रोज सकाळी ते टेबलावर आणि संध्याकाळी कपाटात कुलूपबंद. चावी माझ्या कमरेला. तालुक्याची सही सांभाळतोय म्हटल्यावर चालही बदलते माणसाची.

आली खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी ऑफिसातल्या अवजारांची पूजा होते. पूर्वी टंकलेखन यंत्राला झेंडू वाहायचो. या वर्षी दूत स्वतः पुजारी! प्रिंटरला हळद, स्कॅनरला कुंकू, आणि मधोमध तबकात विड्याच्या पानावर डोंगल, वर भलामोठा हार. मॅडमनीही हात जोडले. मग त्या लॅपटॉपची बॅग उचलून हायवेवरच्या जाम गावाच्या चौफुलीकडे कामाला निघाल्या. मी मागून बजावलं, “मॅडम, पूजा झाली की हत्यार हलवत नसतात. आता दसऱ्यानंतरच.”

“तुमच्या हत्यारांना आराम द्या,” त्या हसून म्हणाल्या, आणि गाडी गेली.

दुपारी दारात बाप-लेक उभे. बाप सुखदेव उईके, जंगलाच्या काठच्या गावातला. सोबत त्याची मुलगी सोनाली. पोरीचा नर्सिंगला नंबर लागला होता. फक्त अधिवासाचा दाखला हवा होता, म्हणजे ही पोरगी इथलीच आहे असा सरकारी कागद. आणि प्रवेशाची शेवटची तारीख आजच!

“अर्ज ऑनलाईन केला जी मी,” सोनाली म्हणाली. “मॅडमपाशी जाऊन पडला म्हंते मोबाईलवर. बाबाले म्हनलं घरीच थांबा, तं आयकत नाई.”

“ऑनलाईननं काय होते?” उईके म्हणाला. “बाबूले भेटल्याबिगर काम होते का कधी?”

शहाणा माणूस! मला फार आवडला.

“आमी इथलेच हाओ का नाई, हे मातर समजत नाई मले,” तो म्हणाला. “जंगल आमाले वळखते. सरकारले काऊन दाखला लागते?”

पोरीचे डोळे भरून आले होते. घरातली बारावीच्या पुढं जाणारी ती पहिलीच. एकीकडे पूजा, एकीकडे पोरीचं अख्खं आयुष्य. मी देवीची मनातल्या मनात माफी मागितली. मॅडम जामवरून येईपर्यंत निदान डोंगल तरी तयार ठेवू, म्हणून तबकाकडे वळलो.

तबक लख्ख! हार नाही, पान नाही, डोंगल नाही!

“वामन!” मी ओरडलो. वामन आमचा शिपाई. “तबकातलं कुठी गेलं?”

“उद्या सुट्टी हाय ना बाबू. मुंग्या लागतीन म्हनून निर्माल्य नदीत टाकून आलो.”

“आबे, त्यात सही होती!”

“कोनाची?”

“तालुक्याची!”

वामन मटकन खुर्चीवर बसला. माझ्याच खुर्चीवर, पण बोलायची ती वेळ नव्हती. मॅडमना फोन करू का, असं त्यानं विचारलं. मी त्याचा हातच धरला. “मॅडमले सांगशीन तं पाहजो! पह्यले धुंडू.”

वामनच्या फटफटीवर मी मागे, उईकेच्या गाडीवर बाप-लेक, निघाली आमची वरात. नदीला गुडघाभर पाणी. मी पँट वर केली आणि बिल्ल्यासकट उतरलो. तालुक्यातल्या सगळ्या ऑफिसांनी त्याच दिवशी निर्माल्य सोडलेलं. जिकडे पाहावं तिकडे झेंडू! हार उचलावा, पिळावा, झटकावा, सोडावा. उईके माझ्या बाजूला वाकून शोधतोय. वामन पलीकडे. मी शेवाळावरून सटकलो आणि गळ्यापर्यंत बसलोच पाण्यात. काठावर म्हशी चारणारा एक बाबा विचारतो, “काय हारपलं जी?”

“सरकार!” वामन म्हणाला.

तेवढ्यात काठावरून सोनाली ओरडली. “काका! निंगा बाहेर! दाखला आला!”

“कुठी आला?”

“मोबाईलवर! सही हाय, सगळं हाय!”

आता मी काय म्हणालो असेन? अहो, आनंद व्हायचा की नाही? मी पाण्यात बसूनच तिच्यावर डाफरलो, “नकली असन तो! सही इथं पान्यात हाय, तं दाखल्यावर येईनच कशी?”

पोरगी घाबरली. तोंड पडलं तिचं. ते पाहून मला माझीच लाज वाटली आणि मी शेवटी मॅडमना फोन लावायला सांगितला. वामननं हात शर्टाला पुसून फोन माझ्या कानाला धरला.

“हो, मीच केली सही, आत्ता गाडीतूनच,” मॅडम म्हणाल्या. “शेवटची तारीख होती ना तिची.”

“पण मॅडम, डोंगल...”

“माझं डोंगल माझ्या बॅगेत असतं, बाबू. ज्याचं त्याचं वेगळं असतं.”

“मग मी रोज टेबलावर ठेवतो ते?”

“ते जुन्या साहेबांचं. बंद पडलेलं. मला वाटलं, तुमच्याकडची काही पद्धत असेल. मी नवीन, कशाला कोणाचं मन दुखवायचं?”

घ्या! मी समजत होतो मी नवं शिकलो, आणि त्या समजत होत्या त्या जुनं पाळतायत. पाण्यात बसल्या बसल्या मलाच हसू फुटलं. मग उईके हसला, वामन हसला. सोनालीनं तिथंच काठावर बसून मोबाईलवर प्रवेश पक्का केला. रडत होती आणि हसतही होती. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू, थंडी वाजत होती तेही विसरलो.

फक्त उईके गंभीर झाला. “मंग बाबू,” तो म्हणाला, “हे सारं असंच होते, तं आमी तुमच्यापाशी कायले येत होतो?”

ह्याचं उत्तर काही मला नदीत सापडलं नाही.

ते मॅडमनी दिलं. आता मी दारातल्या पहिल्या टेबलावर बसतो. कोणी आलं की त्याच्याच मोबाईलवर अर्ज कुठवर पोचला ते दाखवतो आणि म्हणतो, “घरी जा, दाखला तिथंच येईन. नाई आला तं मले फोन करजो.” लोक आधी रागावतात. मग दुसऱ्यांदा येतच नाहीत. आणि हाच माझा पराक्रम!

पाणी ओसरल्यावर उईकेला ते डोंगल सापडलं. रुमालात बांधून घेऊन आला. “बेकार असन, पन तुमची इज्जत हाय जी.” मॅडमनी ड्रॉवरमधून ते लाल कापड काढलं, डोंगल त्यावर ठेवलं आणि दोन्ही हातांनी माझ्या टेबलावर आणून ठेवलं. “पद्धत मोडायची नाही, बाबू.”

तेव्हापासून ते तिथंच आहे. परवा एका म्हाताऱ्यानं वामनला विचारलं, “हे एवढं सजवून ठेवलं, हे काम काय करते जी?”

“काईच नाई,” वामन माझ्याकडे पाहत म्हणाला. “बाबू पह्यले जे करत होते ना, तेच.”