घोंगडूचं मागे वळून बघणं

हुंदड कंपनीला पंचवीस वर्षं होणार म्हणून तळेगावच्या ऑफिसातली लांब भिंत पिवळी रंगवली होती आणि तिच्यावर कंपनीची वाटचाल चिकटवायचं काम चाललं होतं. सगळ्यात डावीकडे लोणावळ्यातल्या चिक्कीच्या दुकानावरची खोली, जिथे सगळं सुरू झालं. मग हॉटेलांच्या हिरवळीवर पाहुण्यांच्या मुलांसाठी केलेले बाहुल्यांचे खेळ. मग पहिली कार्टून फिल्म, अस्वलाच्या पिल्लाची, घोंगडूची. त्यापुढे टीव्हीवाल्यांशी झालेला करार, तळेगावला हलवलेलं बिऱ्हाड, आणि अगदी उजवीकडे मोबाइलवरचे खेळ.

शैला फोटोंना मागून टेप लावून देत होती. चिक्कीच्या दुकानावरच्या खोलीपासून ती इथे होती. भिंतीवर मात्र एका फोटोत तिचं कोपर तेवढं आलं होतं.

"ताई, तुमी कुटंच न्हाई व्हय ह्यात?" चहा घेऊन आलेल्या धोंडाबाईंनी विचारलं.

"आहे की. हे बघा, कोपर."

"आता कोपरावरनं तुमाला कोन वळखायचं!"

शैला हसली. कोपराचं तिला काही वाटलं नव्हतं. तिला लागलं होतं ते सकाळचं. हुंदडचा कारभार आता कंपनी सुरू करणाऱ्या गोपाळकृष्ण भाऊंची मुलगी सई बघत होती, आणि तिने कॉम्प्युटरवर नव्याने घडवलेला घोंगडू सगळ्यांना दाखवला होता. गोलमटोल, अंगावरचा केस न् केस चमकणारा. तुरुतुरु चालत तो पडद्याच्या या टोकापासून त्या टोकाला गेला. कुठे अडखळला नाही, आणि मागे वळूनही बघितलं नाही.

जुना घोंगडू बघायचा.

तेव्हा सगळं कागदावर चालायचं. भाऊ मुख्य चित्रं काढायचे, एक पाऊल टाकतानाचं, एक टाकून झाल्यावरचं. त्यांच्या मधली चित्रं शैला काढायची, काचेच्या टेबलावर, खालच्या ट्यूबलाइटच्या उजेडात. कागदांना धूळ लागू नये म्हणून चपला दाराशी काढायची सक्त ताकीद होती. घरी सांभाळायला कुणी नसल्याने ती छोट्या श्रीयशला बरोबर आणायची, आणि श्रीयशचा खेळ एकच. दाराशी काढलेल्या भाऊंच्या कोल्हापुरी पायात घालायच्या आणि त्या फरफटवत जिन्याकडे निघायचं. दोन पावलांत एक चप्पल निसटायची. मग तो थांबायचा आणि मान वळवून बघायचा, आईचं लक्ष आहे ना.

एके दिवशी तिच्या पेन्सिलीतून तेच उतरलं. भाऊंचं पिल्लू सरळ चालत होतं, तिने मधल्या चित्रांत त्याची मान वळवून ठेवली.

आता श्रीयश कॅनडात होता. वडील वारल्यावर वर्षभरातच तिकडे गेला. आधी दर रविवारी फोन यायचा, मग सणासुदीला, आता तिच्या मेसेजवर नुसता अंगठा. भांडण झालं असतं तर मिटवता तरी आलं असतं. तिथे किती थंडी आहे ते ती रोज मोबाइलवर बघायची आणि त्याचा स्वेटर जुना झाला असेल, असं मनाशी म्हणायची. फारच आठवण आली की जुनी फिल्म लावायची, तेवढाच तुकडा. अल्बममधल्या फोटोंत तो नुसता उभा होता. घोंगडूत तो वळायचा.

दुपारी तिने सईला गाठलं. "ते मागे बघणं का काढलंस गं?"

"मावशी, आताची मुलं तेवढं थांबत नाहीत, बोटाने पुढे सरकवतात. आणि तो मागे का बघतो, याला गोष्टीत काही कारणच नाही."

"आहे कारण," शैला म्हणाली.

शेजारी खुर्चीत भाऊ बसले होते. ते म्हणाले, "खरं सांगायचं तर ती चूकच होती. मी हिच्यावर जाम चिडलो, कागद फाडणार होतो. फाडायच्या आधी एकदा पानं बोटांतून भराभर सोडून पिल्लाला चालवून पाहिलं, आणि ती ठेवून दिली. हिचा श्रीयश माझ्या चपला घालून तसाच चालायचा."

सईने मोबाइल बाहेर काढला. "त्याचा व्हिडिओ आहे?"

"तेव्हा कुठला कॅमेरा आमच्याकडे?"

"मग तुम्ही करून दाखवा. मी शूट करते. आपली कॉम्प्युटरवाली पोरं त्यावरून घोंगडूची चाल बसवतील."

"मी?"

"आगं बया," धोंडाबाई कप गोळा करता करता म्हणाल्या, "ह्या वयात अस्वल!"

शैलाने दाराशी जाऊन भाऊंनी जुन्या सवयीने तिथे काढलेल्या चपला पायात सरकवल्या. आताही त्या मोठ्याच होत होत्या. एक पाऊल टाकलं. दुसऱ्याला उजवा गुडघा कुरकुरला. चप्पल निसटली.

"आता मागे बघा," सई म्हणाली.

शैलाने मान वळवली. तिचं जुनं काचेचं टेबल हल्ली चहाच्या थर्मासखाली होतं. त्याच्यामागे कुणी बसलेलं नव्हतं. इतकी वर्षं त्या नजरेच्या पलीकडच्या टोकाला ती होती. श्रीयशच्या जागी ती आज पहिल्यांदा उभी होती. इथून आई केवढी दिसत असेल? मान वर करत होती का ती, की कागदातच असायची? तिने आठवून पाहिलं. नक्की आठवेना.

"मावशी, झालं. चला पुढे."

ती लगेच हलली नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी नवा घोंगडू मोठ्या पडद्यावर चालला. थांबला, वळला, समोरची लहान मुलं हसली. शैलाने घरी येऊन तो तुकडा श्रीयशला पाठवला. सोबत काही लिहिलं नाही. दोन दिवस अंगठासुद्धा आला नाही. तिकडे बर्फ पडत होता, मोबाइल सांगत होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी मेसेज आला.

"आई, हा तुझ्यासारखा चालतोय. गुडघा दुखतोय का तुझा?"

तिने ते पुन्हा पुन्हा वाचलं. 'अरे, तो तू आहेस,' असं लिहिलं आणि पुसून टाकलं. मग लिहिलं, "थोडासा."

पुढे काही आलं नाही. तिने फोन ओट्यावर उताणा ठेवला आणि चहा टाकला. फोन वाजला तर ऐकू यावा म्हणून नळ बंद केला, गॅसही बारीक केला.