बंबवाले गुरुजी

रामघाटापासून हाकेच्या अंतरावर राहून गंगेत कधीही न उतरणारा माणूस मी काशीत एकच पाहिला, आणि तो नेमका माझा घरमालक निघाला. कुठून कुठून लोक एका बुडीसाठी येतात. गुरुजी मात्र रोज सकाळी न्हाणीघरात तांब्याचा बंब पेटवत आणि कढत पाण्याने आंघोळ करत. धर्माबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती. "गंगा आईच आहे," ते म्हणत, "पण आईचे हात फार गार आहेत गं."

दूधविनायकाच्या गल्लीत त्यांना सगळे 'बंबवाले गुरुजी' म्हणत. शाळेत त्यांनी आयुष्यभर संस्कृत शिकवलं होतं, आणि खेळाचा मास्तर कधी नेमलाच न गेल्यामुळे लांब पळण्याच्या शर्यतींसाठी मुलंही तयार केली होती. बंबाला जळण म्हणून पूजेच्या नारळांच्या करवंट्या लागत. आसपासची भिक्षुकांची घरं त्या त्यांच्यासाठी राखून ठेवत. करवंट्यांचा धूर जिन्यावरून माझ्या खोलीत शिरला की मला जाग येई. बनारसमधल्या चार वर्षांत मी घड्याळाचा गजर लावल्याचं आठवत नाही.

माई, म्हणजे त्यांची पत्नी, चाळीस वर्षं एकट्याच घाटावर स्नानाला जात होत्या. कार्तिकात एकदा तरी नवऱ्याने हात धरून पाण्यात उतरावं, एवढीच त्यांची इच्छा. "मागून मागून काय मागितलं, तर एक बुडी," त्या मला म्हणत. "सोनं मागितलं असतं तर आजवर मिळून जुनंपुराणं झालं असतं."

मी बँकेच्या बदलीने नाशिकहून आलेली, अडतिशीची, आणि पळण्याचं वेड असलेली. नाशिकच्या हवेत मला कधी दम लागला नव्हता. बनारसची पहिली अर्धमॅरेथॉन मात्र पावसाळा सरतानाच्या उमसेत, घामट उकाड्यात होती. अठराव्या किलोमीटरला डोळ्यांपुढे काजवे चमकले. एका चहावाल्याच्या बाकड्यावर टेकले ती उठलेच नाही. ई-रिक्षात बसून घरी परतताना मला रडू येत होतं.

गुरुजी ओट्यावर बसले होते. त्यांनी सांत्वन वगैरे काही केलं नाही. "पाय दमले की अंग तापलं?" एवढंच विचारलं.

"अंग तापलं."

"मग पाय ठीक आहेत. तुला गर्मीची आदत नाही, बस. दिवसभर कढईपुढे बसणाऱ्या कचौडीवाल्याला कधी लू लागलेली पाहिलीस?"

त्यांचं शास्त्र हे एवढंच. पुढच्या वर्षी शर्यतीला महिना उरला तेव्हा त्यांनी न्हाणीघरातला दगडी हौद माझ्यासाठी घासून घेतला. पळून आले, की अंग निवायच्या आत त्या गरम पाण्यात छातीपर्यंत बसायचं. पाणी किती गरम, तर बाळाच्या आंघोळीला बघतात तसं कोपर बुडवून बघायचं, आणि त्याहून अंमळ जास्त. माई दाराबाहेर भाजी निवडत बसत आणि मी आतून एकोणतीसचा पाढा म्हणत राही. पाढा चुकला की तडक बाहेर, हा गुरुजींचा नियम. बाहेर आल्यावर तांब्याभर मीठ-साखरेचं पाणी.

मी मोबाइलवर शोधून पाहिलं. परदेशातले धावपटूही असं करतात, असं कुणी लिहिलं होतं; फायदा झाला तरी थोडाच, असंही कुणी लिहिलं होतं. गुरुजींना सांगितलं तर म्हणाले, "त्यांना लिहू दे. तू बस." मग म्हणाले, "यंदा कुठेही न बसता पुरी केलीस, तर मी गंगेत उतरेन."

माईंच्या हातातली भेंडी हातातच राहिली.

मध्येच हरतालिका आली. आमच्याकडे त्या दिवशी फळं, दूध चालतं. माई मात्र इतकी वर्षं बनारसी शेजारणींबरोबर तीज करून पाण्याचा थेंबही घेईनाशा झाल्या होत्या. त्यांनी प्रेमाने म्हटलं, म्हणून मीही तसाच उपास धरला, आणि सरावाचा एकही दिवस बुडवायचा नाही म्हणून सकाळी दहा किलोमीटर पळूनही आले. गुरुजींना यातलं काही बोलले नाही. हौदात बसले. पाढा सहाव्या ओळीला अडला, मी कशीबशी बाहेर आले, माईंचं लुगडं गुंडाळलं आणि माईंच्या पुढ्यातच कोसळले.

शुद्धीवर आले तेव्हा माई माझ्या तोंडात चमच्याने पाणी घालत होत्या. माझ्याबरोबर त्यांचाही उपास मोडला होता. मला भरवण्याआधी पाणी गोड झालंय का, ते त्यांनी चाखून पाहिलं होतं. गुरुजी पांढरे पडले होते. त्यांनी हौदाची मोरी उघडली आणि बंबातले निखारे विझवले. "चूक माझी," म्हणाले. "विचारायला हवं होतं. आता हे बंद."

दोन दिवस घरात धूर नव्हता. तिसऱ्या दिवशी मला पुन्हा धुराने जाग आली. खाली येऊन पाहते, तर बंबापुढे माई. चाळीस वर्षं त्या बंबाला नावं ठेवणाऱ्या माई फुंकणीने करवंट्या फुलवत होत्या.

"अहो, पण गुरुजी..."

"त्यांचं मी बघते. तू आधी दोन गिलास पाणी पी, माझ्यासमोर. मला माझं स्नान हवंय."

शर्यतीच्या दिवशी उमस तशीच होती. अठराव्या किलोमीटरला तो चहावाला दिसला, त्याचं बाकडंही दिसलं. अंग तापलं होतं, पण तो ताप ओळखीचा होता. मी पुढे गेले. हे गरम पाण्याने झालं, जास्तीच्या सरावाने झालं, की माईंच्या धाकाने, ते मला आजही सांगता येणार नाही.

घरी आले तर दोघंही ओट्यावर. "बसलीस?" गुरुजींनी विचारलं.

"नाही. पण चढावर थोडी चालले."

त्यांना सुटायला जागा होती, आणि माई श्वास रोखून बसल्या होत्या. "चढावर सगळेच चालतात," शेवटी ते म्हणाले.

पुराचं पाणी घाटावरून उतरलं आणि कार्तिक लागला. रामघाटाच्या पायऱ्यांवर गुरुजींनी माईंचा हात असा घट्ट धरला होता की नेमकं कोण कुणाला नेतंय ते कळत नव्हतं. तीन बुड्या मारून ते कुडकुडत वर आले आणि म्हणाले, "मी म्हटलं होतं तेवढीच गार आहे." माईंच्या चेहऱ्याकडे बघून मला इतकं बरं वाटलं की माझं पदक मी विसरूनच गेले. त्यानंतर दर कार्तिकात ते एकदा उतरत. एरवी बंब होताच.

माझी बदली परत नाशिकला झाली. दोन वर्षांनी, फाल्गुनात, गुरुजी झोपेतच गेले. मी पोचले तेव्हा अस्थी न्यायची तयारी चालली होती. घाटावरून नाव निघाली, गुरुजींच्या पुतण्याच्या हातात कलश होता आणि माईंच्या मांडीवर फडक्यात गुंडाळलेला तांब्या. मला वाटलं, गंगाजल न्यायला घेतला असेल.

मध्यावर नाव थांबली. पुतण्या कलश उघडणार, तोच माईंनी त्याला थांबवलं. फडकं सोडलं. तांब्यातून वाफ निघाली. त्यांनी पदर सावरून आत कोपर बुडवून पाहिलं, आणि ते पाणी गंगेत हळूहळू ओतलं.

"आता सोड," त्या म्हणाल्या. "एकदम गार नको त्यांना."