मांडवातून परतलेला वाघ

कादर मास्तरांनी ब्रह्मपुरीच्या बँडमध्ये तीस वर्षं क्लारनेट वाजवलं, ते फक्त वरातीत. छप्पन साली एका साहेबाच्या शिकारीला ढोलवाले मिळेनात, म्हणून गलका करून वाघाला मचाणाकडे हाकायला बँडच नेला! मास्तर आपले सवयीनं वळणावळणावर थांबत, नाचणाऱ्यांची वाट बघत निवांत वाजवत निघाले. पुढं वाघही तसाच थांबत थांबत मचाणाखाली आला. साहेबानं बंदूक रोखली, तसे मास्तर वाजवायचं सोडून कडाडले, "काऊन जी साहेब, नवरदेव दारात आला अन् बंदूक लावता? आधी त्याले ओवाळा ना!"

साहेब दचकला आणि वाघ पसार झाला. मास्तर घरी येऊन दोन दिवस जेवले नाहीत. तीस वर्षांत त्यांचा एकही नवरदेव असा मांडवातून परत गेला नव्हता.